घ्यायचास तू, विकायचे मी

विश्राम,

तुझ्या तेराव्याला पंगत उठायच्या आधीच तुझी जीपवाली माणसं गाळ्यावर पोचली होती. पुण्याहून, नाशिकहून आलेली, एकजण तर कोल्हापूरहून जीप चालवत आला होता. जोगेश्वरीच्या घरी तुझ्या फोटोसमोर हात जोडून जरा वेळ बसली, चहा नको म्हणाली, आणि मग एकेकजण हळूच उठून मरोळला, गाळ्यावर. मी मागाहून गेले तर बॉनेट उघडं, तिघं आत वाकलेले, आणि चौथा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी जमिनीवर आडवा होऊन गाडीच्या पोटाखाली बघतोय. चारूला राग आला. म्हणाली, "आई, यांना काही लाज? बाबांचं तेरावं आहे आज." मी म्हटलं, "असू दे गं. हीच यांची रडायची पद्धत."

नाशिकवाला जोंगाभोवती फिरत होता. लष्करातून आलेली ती धिप्पाड, खोल आवाजाची गाडी. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, घाई काहीच नाही. पण जोंगा द्यायचं मनात आलं तर पहिलं मला सांगा." मी "सांगते ना" म्हटलं. गिऱ्हाइकाला इतकी वर्षं म्हणत आले त्याच आवाजात. म्हटलं आणि थांबले. कारण अशा वेळी आतून, कुठल्या तरी गाडीखालून, तुझा आवाज यायचा, "ती विकायची नाय हां!" मग मी ओरडायचे, गिऱ्हाईक हसायचं, आणि सौदा सुरू व्हायचा.

या वेळी आतून आवाज आला नाही. नाशिकवाल्यालाही ते जाणवलं असावं. तो मान खाली घालून बाजूला गेला.

घ्यायचास तू, विकायचे मी. आपला संसार या एका वाक्यात बसतो. देवळालीच्या बाजूला लष्कराच्या गाड्यांचा लिलाव असला की तू सकाळी आंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून निघायचास, जशी काय मुलगी बघायला चाललीय स्वारी. परत यायचास ते टेम्पोवर कसलं तरी हिरवं गंजकं धूड बांधून. मी विचारायचे, "चालते?" तू म्हणायचास, "चालेल." या दोन शब्दांमध्ये कधी सहा महिने जायचे, कधी दोन वर्षं.

मुलगी बघायला तर तू कधी गेलाच नाहीस. वेसाव्याला आलास तेव्हाही जीपच बघायला आला होतास. आठवतं? माझ्या बाबाकडे महायुद्धातली एक जीप होती, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. होडी पाण्यातून वर ओढायला वापरायचा. खाऱ्या हवेने तिचा पत्रा असा खाल्ला होता की दाबला तर बोट आत जायचं. तू तेव्हा मरोळच्या एका कारखान्यात फिटर. कोणाकडून तरी कळलं म्हणून रविवारी आलास, आणि बाबाला सरळ विचारलंस, "काका, गाडी देणार का?"

बाबा जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "आरं, ही गारी नय, माजा बैल हाय. बैल कोन इकतं काय?"

पुढच्या रविवारी तू पंख्याचा नवा पट्टा घेऊन आलास. त्याच्या पुढच्या रविवारी कार्बोरेटर साफ करून दिलास. फुकट. बाबाला वाटलं, पोरगा मागे लागलाय, एक दिवस गाडी घेऊनच जाणार. आयेने मात्र चुलीपाशी बसून निकाल दिला. "ह्यो गारीसाटी नय येत." कारण तू जाताना माझ्याकडून मासळी घ्यायचास, आणि मालवणी माणूस असून पापलेट दाबूनसुद्धा बघायचा नाहीस. मी सांगेन तो भाव. असा मालवणी मी जन्मात पाहिला नव्हता.

लग्नात बाबाने जीप दिली. रडत नव्हता, पण म्हणाला, "पोरीसंगं बैल पन गेला." वेसाव्याहून जोगेश्वरीला मी त्याच गाडीतून आले. पायाखालचा पत्रा गेलेला, शालू गुडघ्यापर्यंत वर धरलेला, आणि चपलांच्या मधून पळणारा रस्ता दिसतोय. मी घाबरून ओरडले तर तू म्हणालास, "खाली कशाला बघतेस? समोर बघ."

नोकरी सोडून तू गाळा घेतलास तेव्हा विकायला आपल्याकडे तीच एक गाडी होती. बनवलीस मात्र झकास. पण गिऱ्हाईक आलं की तू तिचे दोष सांगत सुटायचास. दुसरा गिअर सटकतो. ब्रेकवर भरवसा ठेवू नका. पावसात चालू झाली तर नशीब. माणूस आल्या पावली परत. तिसरं गिऱ्हाईक गेलं तेव्हा मी तुला आत पाठवलं आणि स्वतः पुढे झाले. मला मासळी विकायची सवय. खोटं बोलायचं नाही, पण सगळं बोलायचीही गरज नाही. गाडी गेली. माझ्या बापाची गाडी मी विकली आणि डोळ्यांत पाणी तुझ्या. पुढे कित्येक वर्षं रस्त्यात तशी जीप दिसली की तू मान वळवून बघायचास. ती कधीच नसायची.

आपण भांडलो किती, त्याला हिशेब नाही. त्यातलं एक भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून आज पुन्हा काढते. तो हॉटेलवाला आला होता, त्याला जीपचं अर्धं तोंड कापून हवं होतं, दारूच्या काउंटरला लावायला. गाडीत इंजिन नव्हतं, चासी सडलेली. ती उभी राहणारच नव्हती. मी म्हटलं, देऊ या. तू म्हणालास, नाही. मी म्हटलं, "भंगारात जाण्यापेक्षा बरं नाही का? लोक बघतील तरी." तू म्हणालास, "भंगारात वितळेल, दुसरं काहीतरी होईल. तिथे तिच्या बॉनेटवर लोक ग्लास ठेवतील, मंदा." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः टेम्पोत घालून ती कुर्ल्याला भंगारवाल्याकडे सोडून आलास. जेवला नाहीस त्या दिवशी. मी आजही सांगते, चूक तुझी होती. दिवे लागले असते तिचे. पोरांनी फोटो काढले असते. बघ, तू बोलायला नाहीस तर हे भांडण मी जिंकते आहे, आणि त्यात काही मजा नाही.

पण मिठी नदीला पूर आला त्या दिवसाचं भांडण मी हरले. तेही सांगते.

मुलुंडच्या एका गिऱ्हाइकासाठी तू आणि यासीनभाईने मिळून ती हिरवी जीप बनवली होती. यासीनभाई म्हणजे तुझा उजवा हात, कारखान्यापासूनचा मेकॅनिक. रंग नीट वाळलाही नव्हता आणि दुसऱ्या दिवशी गाडी द्यायची होती. मी जोगेश्वरीला. फोन बंद, वीज नाही. मला वाटत होतं तू गाळ्याच्या माळ्यावर बसून असशील. तू कसला बसतोस! पंख्याचा पट्टा काढून टाकलास, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. वायरींना ग्रीस फासलंस, आणि गाळ्यामागच्या वस्तीत अडकलेली माणसं काढायला ती गाडी पाण्यात घातलीस. यासीनभाई पुढे चालत काठीने रस्ता चाचपतोय, तू मागून पहिल्या गिअरमध्ये. किती खेपा केल्यात तुम्हाला दोघांनाही सांगता आलं नाही. एक म्हातारी शिवणयंत्राशिवाय गाडीत बसेना. यासीनभाईने ते यंत्र मांडीवर घेतलं. एका बाईचे दिवस भरले होते. तिला आडवं करायला तू मागची सीटच उपटून पाण्यात फेकलीस. नवी शिवलेली सीट.

दुसऱ्या दिवशी घरी आलास तो कमरेपर्यंत चिखल, घसा बसलेला. मी तुला मारायचीच बाकी होते. म्हटलं, "वाट लावलीस गाडीची! त्या माणसाला आता काय तोंड दाखवू? आणि तुला काही झालं असतं म्हणजे?" तू मोरीत बसून पायांवर पाणी ओतत म्हणालास, "मंदा, तिला बनवलीच होती त्यासाठी."

मुलुंडवाल्याने गाडी नाकारली. त्याचं काही चुकलं नाही, त्याला आरशासारखी गाडी हवी होती. इंजिन पुन्हा सगळं उघडावं लागलं. काही महिन्यांनी एक बाई बाळाला घेऊन गाळ्यावर आली. तू गावाला गेला होतास. तिने माझ्या पायांना हात लावला. तिला वाटलं मीही त्या गाडीत होते. मी बाळ घेतलं, आणि त्या जीपच्या सीटवर बसून रडले. तुला फक्त एवढंच सांगितलं, ही गाडी आता विकायची नाही. तू म्हणालास, "हे तू बोलतेस?" आणि असा हसलास!

मग तुझा हात.

मला आधी कळलं नाही. यासीनभाईला कळलं. बोल्टच्या आट्यांवर नट बसेना तुझा. फिरवायचास आणि तो घरंगळून खाली. तू म्हणायचास, बोल्ट खराब आहे. यासीनभाई दुसरा द्यायचा. मग तोही खराब. एक दिवस त्याने मला बाजूला घेतलं. "भाभी, बोल्ट सब ठीक हैं." डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पुढे काय काय होईल तेही सांगितलं. चालणं आखडेल, हात हलेल, आवाज बारीक होत जाईल. मी बाहेर आल्यावर तू विचारलंस, "गाडी चालवायचं काय म्हणाले?" मी म्हटलं, "काही नाही म्हणाले." तुला तेवढंच हवं होतं.

तू चालवत राहिलास. रविवारी सकाळी त्या हिरव्या जीपने आरे कॉलनीत जायचास, एकटा. एका रविवारी एका तबेलेवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी आलास. म्हणालास, गाडी बंद पडली. तबेलेवाला दारात घुटमळला. तू आत गेल्यावर मला म्हणाला, "बहनजी, गाडी बंद नहीं पडी. नाले में गयी. पाँव उठा ही नहीं उनका." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बच्चे लोग अभी-अभी निकले थे वहाँ से."

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मीही कळल्याचं कधी सांगितलं नाही. आज सांगते.

दुसऱ्या दिवशी यासीनभाईने गाडी ओढून गाळ्यावर आणली आणि मी मरोळला गेले. चावी काढून तुझ्या जुन्या जीप थांबत नाहीत, दोन वायरी जोडल्या की त्या सुरू. हे तूच शिकवलं होतंस. आणि फौजेत ती कशी थांबवतात तेही तूच शिकवलं होतंस. बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं आणि आतला रोटर काढून खिशात टाकायचा. अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला की इंजिनाला ठिणगीच नाही. मी तो काढला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. जोंगाचाही काढला.

तू आलास, गाडीत बसलास, बटण दाबलंस. नुसती घरघर. उतरलास, बॉनेट उघडलंस, झाकण काढायला तुला खूप वेळ लागला. मी बघत उभी. आत बघितलंस आणि झाकण तसंच ठेवून दिलंस. माझ्याकडे वळून घरच्या बोलीत म्हणालास, "माजे पाय तोडलंस गो तू."

मी म्हटलं, "हो. तोडले."

तुझ्याशी बोलताना माझा आवाज कधी कापला नव्हता, तेव्हाही कापू दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत तू गाळ्यावर पाय ठेवला नाहीस. घरी खिडकीशी बसून असायचास. मी जेवण वाढायचे, तू जेवायचास, भांडत नव्हतास हेच मला सहन होत नव्हतं. चारू म्हणाली, "आई, दे ना एकदा त्यांना. कंपाउंडात चालवतील." मी नाही म्हटलं. मला ती मुलं दिसायची, जी मी कधी पाहिलीच नव्हती. दप्तरं घेतलेली, रस्त्याच्या कडेने चाललेली.

पण एक गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, विश्राम. गाळ्याच्या खणात सुटे रोटर पडलेले होते. तूच जमवलेले. तुझ्या हाताने बसला नसता, मान्य. पण यासीनभाईला एक शब्द टाकला असतास तर त्याने मिनिटात बसवून दिला असता. मी त्याला मना केलं नव्हतं. तू तो शब्द कधी टाकला नाहीस. का? माझा मान ठेवलास, की तुलाही ती मुलं दिसत होती?

दसऱ्याला तू आपणहून म्हणालास, "गाड्यांना हार घालायला चल." हार घातले, नारळ फोडला. मी पर्समधून रोटर काढून हिरवीत बसवला आणि स्टिअरिंगवर बसले. तू जरा वेळ बाहेरच उभा राहिलास. मग वळसा घालून पलीकडून चढलास. चढायला हात दिला तर झिडकारलास.

त्यानंतर दर रविवारी आपण दोघं आरेत. मी बाबाच्या जीपवर वाळूत शिकलेली, चालवत होते ठीकच. पण तुझ्या लेखी मला काहीच येत नव्हतं. "क्लच पुरता दाब." "इंजिन ओरडतंय, ऐकू येत नाही?" "ही काय होडी आहे?" तुझा आवाज बारीक होत गेला तशी मी गाडी हळू चालवायला लागले, म्हणजे तुझ्या शिव्या ऐकू येतील. शेवटी शेवटी तू नुसता गुडघ्यावर हात आपटायचास, म्हणजे गिअर बदल. एकदा कॅनॉलच्या त्या चढावर मी मधे न अडखळता गाडी वर काढली. हळूच तुझ्याकडे बघितलं. तू झाडांकडे बघत होतास. "बरी चालवलीस" एवढं म्हणाला असतास तर काय झालं असतं रे?

त्या सकाळींसाठी मी तुझी ऋणी आहे. इतक्या वर्षांच्या संसारात तुझ्या शेजारी नुसतं बसायला मला तेव्हाच मिळालं. एरवी तू गाडीखाली आणि मी गिऱ्हाइकापुढे.

आता गाळ्याचं विचारशील. जोंगा नाशिकवाल्याला दिली. तो चालवणारा माणूस आहे, झाकून ठेवणारा नाही, म्हणून दिली. गाडी न्यायला आला तेव्हा यासीनभाईने रेडिएटरमध्ये पाणी भरलं, काचा पुसल्या, आणि ती फाटकाबाहेर गेल्यावर पाठ करून हात धूत राहिला. किती वेळ धूत होता! बाकीची दोन अर्धवट कामं तो पुरी करतोय. नवीन काही घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. घेणारा गेला, मी विकू काय? चारू म्हणते, गाळा भाड्याने दे. देईन बहुतेक. हिरवीला घराखाली जागा मिळते का बघतेय. सोसायटीवाले कुरकुरतायत. त्यांना मी बघून घेईन.

एक गोष्ट मात्र अजून कोणालाच सांगितलेली नाही. चारूलाही नाही.

हॉस्पिटलात त्या दुपारी ती चहा प्यायला खाली गेली होती. छातीत कफ साठलेला, तुला श्वास घेताना कष्ट होत होते, पण डोळे स्वच्छ होते. मला वाटलं, आता नाही विचारलं तर राहून जाईल. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "विश्राम, मी गाडी बंद केली, त्याचा राग आहे का रे अजून?"

तू माझ्याकडे बघितलंस आणि बोललास. हो किंवा नाही एवढंच नव्हतं ते. चांगलं लांब वाक्य होतं, ओठ हलताना मला दिसले. मधे थांबलास, दम घेतलास, पुन्हा बोललास. आणि माझ्यापर्यंत नुसता श्वास आला. मी कान तुझ्या तोंडाला लावला. म्हटलं, "परत सांग." तू परत सांगितलंस, सगळा जीव लावून. बाजूला ते मशीन वाजत होतं, बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं. काही कळलं नाही. तुझ्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा सांग म्हणायचा मला धीर झाला नाही.

मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "हो रे. कळलं."

तुझा चेहरा सैल झाला. डोळे मिटलेस. संध्याकाळी नळी घातली, मग बोलणं नव्हतंच.

तू समाधानाने गेलास असं सगळे म्हणतात. मी मान डोलावते. मी "कळलं" म्हटलं म्हणून तू गप्प झालास. विश्राम, मला कळलं नव्हतं.